कार्डावरचे ऋण आणि वारकऱ्याचा नेम



आमच्या दर्यापूरच्या अंगाने जी नदी वाहते तिचे नाव चंद्रभागा. पंढरीची ती निराळी आणि ही निराळी, हे आम्हांस ठाऊक आहे. पण नाव घेताना जिभेला भेद कळत नाही, आणि ज्याला आषाढीस जाणे घडत नाही तो म्हातारा माळकरी एकादशीला इथल्याच पाण्याला हात लावून कपाळाशी नेतो. ही चंद्रभागा पुढे पूर्णेला मिळते. त्याच पूर्णेच्या काठी, आमच्याच जिल्ह्यात, ऋणमोचन नावाचे क्षेत्र आहे. पौषातल्या रविवारी तिथे यात्रा भरते. तिथे स्नान केले की माणूस ऋणातून मोकळा होतो, अशी लोकांची श्रद्धा, आणि नावही तेच सांगते. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही तीन ऋणे शास्त्राने सांगितली आहेत. आज आम्ही ज्याविषयी लिहिणार आहोत ते चौथे. त्याचे नाव कोणत्याही पोथीत नाही आणि ते स्नानाने फिटत नाही.

गेल्या पौषात आम्ही यात्रेस गेलो होतो. घाटावर आमच्या ओळखीचे एक माळकरी भेटले. त्यांचे नाव गाव सांगण्याचे कारण नाही. जिनिंगमध्ये लिहिण्याचे काम करतात, महिन्याला पगार, घरी आई, बायको, दोन लेकरे. गेल्या आषाढात ते दिंडीत दिसले नव्हते. तेव्हा विचारले, तर गुडघा दुखतो म्हणाले होते. आता घाटाच्या पायरीवर आमच्याजवळ येऊन बसले, आणि थोडा वेळ पाण्याकडे पाहून म्हणाले,

"बुवा, मी पंढरीले आलो नाही त्याचं कारण गुडघा नव्हता."

"मग काय होतं, माउली?"

"कार्ड."

आम्हांस आधी कळेना. मग त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. बँकेच्या क्रेडिट कार्डाचे महिन्याचे बिल होते. आकडा चोपन्न हजारांच्या पुढे.

"दर महिन्याले भरतो, बुवा. एकही महिना चुकलो नाही. तरी आकडा वाढूनच राह्यला. हे कसं काय?"

आता इथे आमची स्वतःची गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. त्याच्या आधीच्या चैत्रात त्यांच्या गावी सप्ताह झाला. काल्याची पंगत या गृहस्थांनी घेतली होती. बुंदी, भाजी, वरण, पोळ्या. सगळे गाव जेवले. काल्याचे कीर्तन आमचे होते. आम्ही गादीवरून त्यांचे नाव घेतले, त्यांस उभे केले, शाल घातली आणि म्हणालो की दातृत्व असावे तर असे. टाळ्या झाल्या. ती सारी पंगत कार्डावर होती! तेल, साखर, बेसन, गव्हाची पोती यांचे पैसे दुकानातल्या चौकोनी चित्रावर मोबाईल धरून दिले होते. घरात पैसा नव्हता. बायकोला माहीत नव्हते. आम्हीही विचारले नव्हते. कीर्तनकाराला अन्नदात्याचे नाव दिसते, त्याची वही दिसत नाही.

त्यांचे पहिले दोन वर्षे ठीक चालले होते. घरचा किराणा, गॅसची टाकी, आईच्या गोळ्या, लेकरांच्या वह्या, असा खर्च कार्डावर घ्यायचा आणि पगार झाला की सगळे बिल चुकते करायचे. त्यात दोष काही नव्हता, उलट सोय होती. ही सोय कशी असते ते वाचकांस नीट कळले पाहिजे, कारण सोय आणि फास एकाच कार्डात आहेत. समजा बिल दर महिन्याच्या ५ तारखेला निघते आणि भरण्यास आणखी सुमारे २० दिवस मिळतात. तर ६ तारखेला आणलेल्या किराण्याचे पैसे जवळजवळ ५० दिवस बिनव्याजी वापरायला मिळाले. ४ तारखेला आणलेल्याचे सुमारे २० दिवस. शेवटच्या तारखेच्या आत सगळी रक्कम भरली तर एक पैसा व्याज नाही. आमचा जुना किराणेवालाही पगारापर्यंत थांबत असे. फरक इतकाच, की तो आपल्या तोंडाकडे पाहून उधार देत असे, आणि फार झाले की स्वतःच म्हणत असे, "भाऊ, आता थोडं जमा करा, मंग न्या." कार्ड असे कधी म्हणत नाही. उलट मर्यादा वाढवून देऊ का, म्हणून विचारते.

पंगतीचे बिल आले ४०,००० रुपये. पगार अठरा हजार. बिलावर दुसरा एक आकडा होता, 'किमान देय रक्कम २,०००'. आमच्या माळकऱ्यांस वाटले हा हप्ता आहे. वीस महिन्यांत फिटेल. दोन हजार भरले आणि निर्धास्त झाले.

भाविकहो, ही 'किमान रक्कम' नीट पाहा. आम्ही त्या दिवशी घाटावर बसून कागदाच्या पाठीवर हिशोब मांडला तो असा. त्यांच्या कार्डाचे व्याज शेकडा साडेतीन, तेही महिन्याचे. ४०,००० वर महिन्याचे व्याज झाले १,४००. या व्याजावर सरकारचा जीएसटी १८ टक्के, म्हणजे २५२. दोन्ही मिळून १,६५२. तुम्ही भरले २,०००. मुद्दल कमी झाले ३४८ रुपयांनी. पुढे नवी खरेदी काहीच केली नाही असे धरले आणि दर महिन्याला अशीच शेकडा पाचची किमान रक्कम भरीत गेले, तर वर्षाच्या शेवटी खिशातून सुमारे २२,९०० रुपये जातात आणि अंगावर ३६,००० शिल्लक राहतात. म्हणजे जवळपास तेवीस हजार भरून चार हजारांचे ऋण फिटले. आणि यांनी तर किराणाही त्याच कार्डावर चालू ठेवला होता. लोकांच्या ध्यानी न येणारी गोष्ट ही, की मागची बाकी पुरी न भरता ठेवली की नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते. तूरडाळ आणली त्या दिवसापासून तिच्यावर व्याज. डाळ चार दिवसांत संपते, व्याज चालू राहते.

"म्हणजे मी नुसतं व्याज भरून राह्यलो होतो?" त्यांनी विचारले. आम्ही मान हलविली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग त्यांनी विचारले तो प्रश्न आम्हांस अधिक लागला. म्हणाले, "बुवा, तुम्हीच सांगता ना, तुकोबारायांनी खतं इंद्रायणीत बुडवली म्हणून. मले वाटते हे कार्ड इथं पूर्णेत सोडून द्यावं."

तुकाराम महाराजांचे घराणे महाजनकीचे होते, सावकारी होती. १६३० च्या सुमाराच्या भयंकर दुष्काळात घर खचले. त्यानंतर महाराजांनी लोकांकडून येणे असलेली खते काढली. धाकटे बंधू कान्होबा यांना त्यांच्या वाट्याची निम्मी दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. महिपतींनी हा प्रसंग वर्णिला आहे आणि आम्ही कीर्तनकार तो वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. पण बुडविलेली खते कोणाची होती? दुसऱ्यांनी महाराजांना देणे होते त्यांची. स्वतःचे येणे त्यांनी सोडले. दुसऱ्याचे देणे बुडविले नाही. या दोहोंत जमीनअस्मानाचे अंतर आहे, आणि आम्ही कथा रंगविण्याच्या भरात ते कधी स्पष्ट केले नाही, ही आमची चूक. कार्ड पाण्यात टाकले तर प्लास्टिकचा तुकडा जातो. ऋण बँकेच्या वहीत तसेच राहते आणि दर महिन्याला वाढते. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खते जाळली, त्यामागे मोठा अन्याय होता आणि पुढे १८७९ साली सरकारला कायदाही करावा लागला. परंतु आजचे खत कागदावर नसते, जाळायलाही हाती काही लागत नाही.

सावकार म्हटले की आमच्या वऱ्हाडाला गाडगेबाबांची आठवण होते. बाबांचा जन्म १८७६ चा, शेंडगावचा. अंजनगाव सुर्जी तालुक्यातले, आमच्या शेजारचेच गाव. बालपण गेले मूर्तिजापूर तालुक्यात दापुऱ्याला मामाच्या घरी. मामांचे शेत सावकाराच्या कर्जात गेले ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले. पुढे खराटा हाती घेऊन निघाले, ऋणमोचनाच्या यात्रेत घाण काढली, तिथे घाट बांधविला. आणि जन्मभर कीर्तनातून लोकांना बजावीत राहिले की कर्ज काढून सण करू नका, देवाच्या नावानेही करू नका. ज्या घाटावर आम्ही बसलो होतो तिथे बसून हे आठवले तेव्हा आमची मान खाली गेली. बाबांनी आम्हांला त्या शालीबद्दल काय म्हटले असते, त्याची कल्पना करवत नाही.

जुन्या काळी सावकारीलाही एक मर्यादा होती. दामदुपट म्हणत. व्याज मुद्दलापेक्षा अधिक वसूल करता येत नसे. आजही महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याखाली परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याखेरीज इतरांस दिलेल्या विनातारण कर्जावर जो दर ठरवून दिला तो वर्षाला १८ टक्क्यांचा. बँकांच्या कार्डांना हा कायदा लागू नाही. शेकडा साडेतीन महिन्याला म्हणजे वर्षाला ४२ टक्के, वर कर. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली सांगितले होते की कार्डावर ३० टक्क्यांहून अधिक व्याज घेणे अनुचित आहे. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला, हा विषय रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतला म्हणून. तारीख होती २० डिसेंबर २०२४. बाबांनी देह ठेवला तीही तारीख २० डिसेंबर, साल १९५६. योगायोग आहे, आम्ही त्यातून काही काढीत नाही.

बँकेला शिव्या देऊन मात्र सुटका नाही. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली दिलेल्या निर्देशांत पुष्कळ गोष्टी लोकांच्या हिताच्या आहेत. मागितल्याशिवाय कार्ड गळ्यात घालता येत नाही. नुसती किमान रक्कम भरीत राहिलात तर फेड लांबत जाईल आणि व्याजावर व्याज चढेल, अशी सूचना बिलावर छापावी लागते. बाकी सर्व चुकती करून कार्ड बंद करा म्हटले तर सात कामाच्या दिवसांत बंद करावे लागते. आमच्या माळकऱ्यांच्या बिलावरही ती सूचना होती. बारीक अक्षरांत, इंग्रजीत. त्यांनी वाचली नव्हती. खरे सांगायचे तर आम्हीही चष्मा पुसून दोनदा वाचली तेव्हा कळली.

इथे एकनाथ महाराज आठवतात. देवगडावर जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना हिशोबात एका पैची चूक येत होती. नाथ रात्रभर वह्या घेऊन बसले, आणि पहाटे चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजविली. स्वामी म्हणाले, असेच चित्त भगवंताकडे लागले तर! या गोष्टीचा दुसरा भाग आम्ही नेहमी सांगतो आणि पहिला भाग पायरीसारखा ओलांडून जातो. पण ज्याला एक पै सुटलेली खपली नाही, त्याचेच चित्त पुढे देवाला लागले. घरचे बिल महिन्यातून एकदा ओळीओळीने वाचणे, न घेतलेल्या वस्तूची रक्कम लागली आहे काय, कोणते शुल्क कापले आहे, हे पाहणे यात संसारी माणसाला लाज वाटण्यासारखे काही नाही.

शेतकरी बंधूंसाठी दोन शब्द वेगळे लिहितो, कारण आमचे बहुतेक वाचक शेतकरीच आहेत. आमचा मुलूख खारपाणपट्ट्याचा. विहिरीचे पाणी खारट, ओलीत थोडे, बहुतेकांचा भरवसा पावसावर. कापूस दिवाळीच्या आगेमागे घरात येतो, तूर त्यानंतर, हरभरा त्याच्याही नंतर. पैसा वर्षातून दोन-तीन वेळा येणार, आणि कार्डाचे बिल वर्षातून बारा वेळा. ही दोन चाके एका गाडीला बसत नाहीत. ज्याला महिन्याच्या महिन्याला पगार किंवा दुधाचे पैसे आहेत त्याने घरखर्चाला हे कार्ड वापरले तर चालेल. ज्याचा सगळा मदार कापसावर आहे त्याने आषाढाचा किराणा त्यावर घेऊन कार्तिकात फेडू म्हणू नये. तेवढ्यात चार-पाच महिन्यांचे व्याज चढते.

आणि नावाचा घोटाळा करू नका. किसान क्रेडिट कार्ड निराळे. ते १९९८ साली सुरू झाले. त्याचे व्याज वर्षाला ७ टक्के, आणि वेळेवर फेडणाऱ्याला त्यात ३ टक्के सूट. पंजाबराव देशमुखांच्या, म्हणजे आमच्याच पापळच्या भूमिपुत्राच्या, नावाने राज्याची जी व्याज सवलत योजना आहे तिच्यात तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेत फेडले तर व्याज शून्यावर आणण्याची घोषणा राज्याने २०२१-२२ च्या अर्थसंकल्पात केली. किसान क्रेडिट कार्डाच्या योजनेत घरगुती गरजेसाठीही कर्जमर्यादेच्या दहा टक्क्यांपर्यंत सोय ठेवलेली होती. मुलीच्या लग्नाला किंवा जत्रेला ते वापरायचे नसते, पण पेरणीच्या दिवसांत घरात पीठ हवे हे सरकारलाही कळले होते. एका ठिकाणी वर्षाला सात, दुसऱ्या ठिकाणी महिन्याला साडेतीन. दोघांचे नाव कार्ड.

आता ज्यांच्याकडे पगार आहे आणि कार्डही आहे त्यांनी करावे काय? आमच्या मते वारकऱ्याला हे शिकविण्याची गरजच पडू नये. तो नेमाचा माणूस. दर पंधरा दिवसांनी एकादशी येते, ती कधी कोणी विसरतो का? महिन्याची वारी असलेला शुद्ध पक्ष डोळ्यांत तेल घालून पाहतो. त्याला महिन्यातली एक तारीख लक्षात ठेवणे जड जाऊ नये. ती तारीख देवघराजवळच्या दिनदर्शिकेत एकादशीशेजारीच लिहावी. ज्या दिवशी कार्डावर पाचशेचा किराणा आणला त्याच दिवशी पाचशे रुपये बाजूला काढावेत, डब्यात म्हणा की बँकेतल्या दुसऱ्या खात्यात म्हणा. डब्यात टाकायला पाचशे नसतील, तर तो किराणा आपल्याला परवडणारा नव्हता हे त्याच दिवशी कळते. कार्ड काढून यंत्रातून रोकड तर मुळीच घेऊ नये. त्यावर व्याज पहिल्या दिवसापासून, आणि वर शेकडा अडीचच्या आसपास शुल्क. दिंडीची भिशी अशा रोकडीतून भरणारे आम्हांस माहीत आहेत. आणखी एक, कार्डाची गोष्ट घरात दोघांना माहीत असावी. ज्या खर्चाची नोंद घरच्या लक्ष्मीपासून लपवावी लागते, तो खर्च पंगतीचा असला तरी त्यात काही खोट आहे असे समजावे.

तुकोबारायांनी धन जोडू नका असे संसारिकांना सांगितलेले नाही. मिळविण्यात व्यवहार चोख ठेवावा आणि वेचताना मन त्यात गुंतू देऊ नये, असा त्यांचा आशय. कार्डाने नेमके उलटे होते. पैसा हातातून जाताना दिसत नाही म्हणून वेचण्याचे भान राहत नाही, आणि महिन्याच्या शेवटी सगळे चित्त त्यातच अडकते. हरिपाठाला बसले तरी बँकेच्या माणसाचा फोन येईल की काय, याकडे कान. आमचे माळकरी म्हणाले, फोन वाजला की आई विचारी, कोणाचा रे? आणि ते म्हणत, चुकीचा नंबर. ऐंशी वर्षांच्या आईशी रोज खोटे.

त्या दिवशी घाटावरून आम्ही त्यांच्याबरोबर त्यांच्या घरी गेलो. बायकोपुढे कागद ठेवला. आम्हांस वाटले रडारड होईल. त्या माउलीने कागद उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, "मले पह्यलेच सांगतलं असतं त म्या पंगत पुढच्या सालावर टाकली असती. देव काय पळून चालला होता का?" मग उठून तिने ट्रंकेतून आपल्या ठेवीची पावती काढली, वीस हजारांची. बचत गटातून तीस हजार मिळतील म्हणाली, शेकडा एक रुपयाने. साडेतीन अधिक कर कुठे आणि एक कुठे! उरलेले चार-साडेचार हजार पगारातून. बँकेला विचारले तर बाकी हप्त्यांत बांधून मिळते आणि त्याचे व्याज पुष्कळदा कमी असते, तेही आम्ही सुचविले. पण ती म्हणाली, नको बुवा, एकदाचं तोडून टाकू. पंधरा दिवसांत कार्डाची बाकी शून्य झाली. कार्ड मात्र तिने बंद करू दिले नाही. गॅस आणि आईच्या गोळ्या त्यावर येतात, पैसे त्याच दिवशी डब्यात पडतात आणि डब्याची किल्ली तिच्या पदराला आहे. बचत गटाचे ऋण अजून फिटायचे आहे, ते चालू आहे.

यंदाच्या सप्ताहासाठी गावची मंडळी आमच्याकडे आली होती. पंगती देणाऱ्यांची नावे गादीवरून पुकारायची नाहीत, शाल नाही, नारळ नाही, असे आम्ही त्यांस सांगितले. दोन-तीन जण नाराज झाले. वर्गणी कमी येईल, म्हणाले. येईल कदाचित, मग बुंदीऐवजी भाकरी आणि पिठले होईल. आमच्या माळकऱ्यांनी पाणी वाढण्याचे काम मागून घेतले आहे.